इकबालची थप्पी

१

थप्पी जळून गेली होती, पण तिचं तोंड तेवढं उभं होतं.

पिंपळबर्डीच्या लाकूड डेपोत अर्पिता देहणकर जीपमधून उतरली तेव्हा तिला आधी तेच दिसलं. कुंपणाच्या बाजूला सागाच्या ओंडक्यांची एक रांग, वरून काळीठिक्कर पडलेली, पण एकावर एक तशीच रचलेली. तिच्या मागे काही नाही. नुसती राख, टँकरच्या पाण्यानं थिजलेली, मधूनच धूर सोडणारी. राखेपलीकडे डेपोच्या ऑफिसची मागची भिंत काजळली होती आणि भिंतीजवळचा कडुनिंब शेंड्यापर्यंत करपला होता.

अर्पिता वनखात्याच्या दक्षता पथकात सहायक वनसंरक्षक होती. खात्यात काही चोरीला गेलं, जळालं, हरवलं की तिला पाठवत. ती शोधून काढी, अहवाल लिही, आणि अहवाल कपाटात जाई. या वेळी तर निघायच्या आधीच उपवनसंरक्षक राजदीप सरनाईक यांचा फोन आला होता. "केस सरळ आहे. माणूस सापडलाय, डिझेलची कॅन सापडली आहे. उद्यापर्यंत लिहून टाका."

सापडलेला माणूस म्हणजे इकबाल. जळलेली थप्पीही त्याचीच होती.

चार वर्षांपूर्वी खात्यानंच मांडव घालून उद्योग मेळावा भरवला होता. आरा मशीन टाका, फर्निचर करा, साग आम्ही देतो, असं माइकवरून सांगितलं होतं. इकबालनं ते ऐकलं आणि डेपोच्या कुंपणाला लागूनच मशीन टाकली. पुढे दरवेळी काहीतरी निघत गेलं. कधी लिलाव रद्द, कधी मोठ्या ठेकेदाराला माल. अखेर मागच्या होळीच्या आधी त्याला एक थप्पी मिळाली. त्यानं पूर्ण पैसे भरले, आणि वाहतूक परवाना काही मिळाला नाही. परवान्याशिवाय लाकूड फाटकाबाहेर काढता येत नाही. तो कोर्टात गेला. दिवाळीनंतर कोर्टानं खात्याला खडसावलं, की ज्याचे पैसे घेतलेत त्याची वस्तू जपून ठेवणं आणि त्याच्या हाती देणं हे तुमचं काम आहे, उपकार नव्हेत. कोर्टाचा माणूस समोर उभा करून लाकूड द्यायचं ठरलं.

त्याच्या आदल्या संध्याकाळी थप्पी पेटली.

"नुकसानभरपाई पाह्यजे होती त्याले," डेपोचे वनपाल पुंडलिकराव म्हणाले. पोळ्याच्या सुमारास बदलून आलेले, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. डोळे लाल, दाढी वाढलेली. "मशीन तं बंदच आहे त्याची. लाकूड नेऊन करन काय?"

"तुम्ही कुठं होता?"

"मारेगावले, तहसीलमंदी. अन् फाटकाची चावी दिवसभर माह्याच खिशात होती मॅडम. दुसरी चावी नाही. म्हणून तं त्यानं कुंपणातून हात घालून डिझल फेकलं. क्यान तिथंच सापडली."

अर्पितानं कुंपणाकडे पाहिलं. तारेवर गुळवेल चढली होती. तिच्याजवळच, काळ्या ओंडक्यांपासून हातभर अंतरावर, पोलिसांनी कॅनभोवती चुन्याचं वर्तुळ आखलं होतं.

गुळवेलीचं एक पानही करपलेलं नव्हतं.

२

मारेगावच्या कोठडीत इकबाल भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. अर्पिता राळेगावची. ती त्याच्याशी तिकडच्याच बोलीत बोलली.

"तुमी तिथं काहून गेलते?"

"मी तं रोज जातो. मशीनवर काम नसते, मंग संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन माही थप्पी पाहून येतो. आपली वस्तू लोकायच्या घरी असली तं माणूस पाहून येते नं मॅडम?"

"आत जाऊन पाह्यली कधी?"

"पैसे भराच्या आधी पाह्यली. एक एक ओंडका हात लावून पाह्यला. भरल्यावर आत येऊ देल्लं नाही. म्हणे, परवाना आण मंग ये. पर कुंपणातून समोरची रांग दिसते. वरतून तिसऱ्या ओंडक्याले गाठ हाय, पानासारखी. त्याचा मी एक दिवाण करनार होतो, अम्मीसाठी."

"आग लागली तवा काय पाह्यलं?"

"मी आलो तं मांगून धूर निंघून राह्यलता. पाह्यता पाह्यता जाळ वर गेला. मी फाटकापाशी पळालो, कुलूप. कडी वाजवली, आवाज देल्ला, आत कोनी नाई. मंग घरून बादल्या आनल्या अन् कुंपणातून पानी फेकलं. पोलिसायनं बादलीसंगंच पकडलं मले."

"कॅन तुमची आहे म्हणतात."

"माहीच हाय. झाकणावर लाल रंग हाय, मीच लावला." त्यानं मान वर केली. "पर ते माह्या घरी नव्हती. दिवाळीच्या आधी डेपोतला उकंडा घेऊन गेलता. परत नाई आनली. हे मी पोलिसायले सांगतलं, तं थे म्हणे, असंच सांगनार तू."

३

उकंडा डेपोचा रोजंदारीवरचा चौकीदार. त्याची मजुरी खात्यानं कित्येक महिने दिली नव्हती, आणि हे तो गावभर बोलला होता. आगीच्या वेळी तो डेपोत नव्हता. पोलिसांच्या मनात इकबालखालोखाल त्याचंच नाव होतं.

तो कोलामपोडावर, गावाबाहेरच्या कोलामांच्या वस्तीत, आपल्या अंगणात बसून पऱ्हाटीच्या काड्यांचा कुड बांधत होता. अर्पिता समोरच्या दगडावर बसली.

"इकबालभाईची क्यान मीच आनली," तो लगेच म्हणाला. "डेपोच्या जनरेटरले डिझल पाह्यजे होतं. पुंडलिकराव साहेबानं आनाले लावली. मंग ऑफिसातच राह्यली."

"आग लागली तेव्हा तू कुठं होतास?"

"घरी. साहेबानं दुपारीच धाडलं. म्हणे, उद्या कोर्टाचे लोक येनार, दिवसभर उभं राहा लागन, आज जाय, आराम कर." दोरीला गाठ मारता मारता तो थोडा हसला. "माह्या नोकरीत आराम कर असं कोनी पहिल्यांदाच म्हटलं, मॅडम."

पूनमसिंग ठेकेदाराची गोष्ट वेगळी होती. या भागातला बहुतेक साग त्याच्या ट्रकांतून जाई, आणि इकबालच्या हाती फळीही लागू देणार नाही असं तो लिलावात चारचौघांसमोर म्हणाला होता. त्यानं ते नाकारलं नाही.

"म्हटलं होतं. धंदा आहे. पर त्या दिवशी मी कळंबले होतो. नातीचं जावळ होतं, चिंतामणीले. सारं सोयरं होतं, कोनालेबी विचारा." त्यानं चहा पुढे सरकवला. "अन् जाळीन कायले? राखेले गिऱ्हाईक नसते. मले ते लाकूड पाह्यजे असतं तं मी इकबालकडूनच घेतलं असतं. थकलेल्या माणसाकडून माल स्वस्तात भेटते."

"मग त्याच्यावर एवढा राग का?"

"राग नाही. उलट कीव येते आता. मी म्हटलं होतं त्याले, सरकारच्या भरोशावर मशीन टाकू नको. सरकारले लाकूड लागलं तं सरकार आधी आपलं पाह्यते. उन्हाळाभर माहे ट्रक तुमच्याच सरनाईक साहेबाच्या तलावावरल्या कामावर होते, माहं भाडं मलेच भेटलं नाही अजून."

अर्पिताचं त्या वाक्याकडे लक्ष होतं आणि नव्हतंही. तिच्या डोक्यात गुळवेल होती. आग कुंपणाकडून लागली असती तर वेल आधी गेली असती. करपला होता तो मागचा कडुनिंब. म्हणजे आग भिंतीच्या बाजूनं लागली, आणि तिथं फाटकातूनच जाता येतं.

तरीही एक गोष्ट बसत नव्हती. सागाचा जाड ओंडका असा संध्याकाळभरात राख होत नाही. पुढची रांग झाली नव्हतीच. मग मागचं सगळं कसं संपलं?

तिचा फोन वाजला. सरनाईक होते. "उद्या सकाळी अहवाल माझ्या टेबलावर हवा, मॅडम. पोलिसांना आरोपपत्र करायचंय."

४

इकबालची आई सुग्राबी मशीनमागच्या घरात राहत होती. तिला डोळ्यांनी कमी दिसे. अर्पिता आली तेव्हा ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, आणि आवाजावरूनच तिनं विचारलं, "सरकारी हाय काय तू?"

"हो, आजी."

"मंग बैस. सरकारी मानसं उभ्याउभ्याच बोलतात, म्हणून कोनाचं ऐकाले येत नाही त्यायले."

अर्पिता पाटावर बसली. म्हातारीनं आपणहून सुरुवात केली.

"इकबालनं लावली नाही. मी त्याची माय हाय म्हणून नाही सांगत. असरची, दिवस कलतानाची नमाज झाली, मंग तो निंघाला. थो चपला घालून राह्यलता तवाच वास आला मले."

"धुराचा?"

"लोबानचा. मी म्हटलं, कोनाच्या घरी फातिहा हाय काय रे आज? तं तो म्हणे, नाही अम्मी, कोनी ऊद जाळला असन. अन् बाहीर गेला, अन् मंग बोंबाबोंब झाली." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आता मले दिसत नाही, पर वास समजते. लाकूड जळनारा वास तसा नसते. साऱ्या मोहल्ल्यात लोबान पसरलता, बेटी. साग जळते तं तसा वास येते काय?"

अर्पिता उठली ती थेट डेपोत गेली. पुंडलिकराव नव्हते. पोलीस शिपाई झाडाखाली पेंगत होता. राखेत उतरून तिनं काठीनं उकरायला सुरुवात केली. बराच वेळ नुसता कोळसाच निघाला. ठिसूळ, हलका, बोटांत चुरा होणारा. मग एका जागी, न जळालेल्या सालीच्या तुकड्याखाली, तिला पिवळट काचेसारखा एक खडा सापडला. मग दुसरा. साल पातळ होती, कागदासारखी सुटत होती.

तिनं खडे रुमालात बांधले आणि परत चुलीपाशी आली. "आजी, हे पाहा बरं," म्हणत तिनं एक खडा निखाऱ्यावर टाकला.

तो फसफसला. पांढरा धूर वर गेला, आणि बघता बघता त्या कुडाच्या घरात धुपाचा गोड वास भरला.

सुग्राबीचा हात परातीत तसाच थांबला. "हाच," ती म्हणाली. "हाच वास होता."

सालईचा डिंक. जंगलात माळावर उगवणारी, इमारतीच्या कामाला कवडीच्या उपयोगाची नसलेली सालई. ओली असली तरी चुडासारखी पेटणारी.

इकबाल इतके महिने रोज संध्याकाळी जी थप्पी पाहायला जात होता, तिची पुढची रांग फक्त साग होती.

५

पुंडलिकराव ऑफिसात टेबलावर कोपरं टेकून बसले होते. अर्पितानं दार लोटून घेतलं आणि पिवळा खडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "इकबालला वाटत होतं आत त्याचा साग आहे, आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच्या हाती येणार होता. त्यानं तो कशासाठी जाळावा? पूनमसिंग कळंबला होता. उकंड्याला दुपारी तुम्हीच घरी पाठवलं, म्हणजे तुम्ही मारेगावला नव्हता, इथं होता. कॅन तुमच्या ऑफिसात होती, ती नंतर कुंपणापाशी गेली. आग लागली मागून, भिंतीकडून, आणि तिथं फाटकाशिवाय जाता येत नाही. फाटकाची चावी एकच, आणि ती दिवसभर तुमच्याच खिशात होती."

पुंडलिकरावांचा हात खिशाकडे गेला.

"आणि ही थप्पी जळावी असं वाटायला आत साग नाही हे माहीत असावं लागतं. कोर्टाच्या माणसासमोर पुढची रांग हलली असती की सगळं उघडं पडलं असतं. तेव्हा उत्तर द्यायला समोर कोण उभं राहिलं असतं?"

"मी," ते हळूच म्हणाले. "चार्ज माह्या सहीचा होता."

बाहेर ट्रॅक्टर गेला. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

"मी आलो तं पाऊस चालू होता. सरनाईक साहेब म्हणाले, मोजत बसू नका, सही करा. मी केली. पंधरवड्यानं पाह्यतो तं थप्पीच्या आत कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. सागात असं सडत नाही मॅडम. मी हात घालून पाह्यलं, सालई. साहेबाले जाऊन सांगतलं."

"काय म्हणाले?"

"म्हणे, बघू, तूर्त परवाना देऊ नका. मंग रोज तो मानूस येई, अन् रोज मी त्याले काहीतरी सांगो. सर्व्हर बंद आहे. पुस्तक संपलं. तो राग करे नाही. बरं साहेब, म्हणे अन् जाये." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कोर्टाचं पत्र आलं तवा साहेबाचा फोन आला. म्हणे, पुंडलिकराव, तुमची पेन्शन जवळ आली आहे, ही अडचण कोर्टाचा माणूस यायच्या आत दूर झाली पाह्यजे."

"आणि कॅन? तीही साहेबांनी सांगितली होती?"

या प्रश्नावर ते पहिल्यांदा रडले. "नाही. थे मी ठेवली. कोनाचं तरी नाव निंघालंच असतं, मॅडम. माहं नको होतं."

अर्पिताला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो त्यांच्यापाशी थांबेना.

"सागाचं काय झालं?"

"मी यायच्या आधीच गेलता. कुठं, ते मले खरंच माहीत नाही."

तिला मात्र आता माहीत होतं. उन्हाळाभर पूनमसिंगचे ट्रक साहेबांच्या तलावावरच्या कामावर होते.

६

खात्याचं नवं निसर्ग पर्यटन संकुल तलावाच्या काठावर होतं. पावसाळ्याआधी त्याचं थाटामाटात उद्घाटन झालं होतं. सरनाईक तिला व्हरांड्यात भेटले. व्हरांड्याचे खांब सागाचे, दारं सागाची, कठडे सागाचे. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता.

तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"लाकडाची तरतूद मंजूर झाली नव्हती," ते म्हणाले. "उद्घाटनाची तारीख मात्र वरून आली होती. डेपोत चांगला साग एवढाच होता. नंतर दुसरा माल आला की त्याला देऊ, असा विचार होता. आला नाही."

"तो साग इकबालचा होता. त्यानं पैसे भरले होते."

"खात्याकडे भरले. लाकूडही खात्याकडेच आहे. तुम्ही टेकून उभ्या आहात त्या खांबाला. मी एक फळी घरी नेलेली नाही, देहणकर मॅडम. मग चोरी नेमकी कोणाची झाली, तेवढं लिहून दाखवा."

अर्पिता खांबापासून बाजूला झाली.

"आणि आग?"

"अडचण दूर करा म्हणालो. काडी ओढा म्हणालो नाही. पुंडलिकरावांनी घाबरून काय केलं ते त्यांनी सांगितलंच आहे." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "इकबाल सुटेल, काळजी करू नका. निरपराध माणूस आत राहू नये, या मताचा मीही आहे."

ते म्हणाले तसंच झालं. तिनं अहवालात सगळं लिहिलं. आगीचा भाग पोलिसांकडे गेला. लाकडाचा भाग 'स्वतंत्र चौकशीची बाब' म्हणून वेगळा काढण्यात आला, आणि ती चौकशी करायला कोणी नेमलं गेलं नाही. पुंडलिकराव तुरुंगात गेले. उकंड्याला कामावरून काढलं, कारण आग लागली तेव्हा तो जागेवर नव्हता. इकबाल घरी आला. त्याच्या भरपाईचा अर्ज विचाराधीन राहिला. कोर्टात खात्यानं सांगितलं, की लाकूड द्यायची आमची पूर्ण तयारी होती, पण ते दुर्दैवानं जळालं.

७

उन्हं तापायला लागली तेव्हा अर्पिताच्या टेबलावर एक आदेश आला. ज्या आरा मशीनवर दीर्घकाळ लाकूड चिरलं गेलेलं नाही तिचा परवाना रद्द करून मशीन सील करावी. खाली मशीनमालकाचं नाव होतं. ज्यांनी हे काम नेहमी करायचं ते रजेवर होते. तिनं नकार देऊन पाहिला. वरून उत्तर आलं, की मग दुसरा कोणी येईल आणि पोलीस घेऊन येईल.

ती एका वनरक्षकाला घेऊन गेली. पोलीस नेले नाहीत.

इकबालनं आदेश उभ्यानंच वाचला. दोनदा वाचला.

"यात लिहेल हाय, मी लाकूड चिरलं नाही."

"हो."

"खरं हाय." त्यानं कागदाची घडी घातली. "मॅडम, तुमी नसत्या तं मी आज आत असतो. अम्मी रोज दुवा देते तुमाले. तुमी खरं शोधून काढलं. पर ते खरं आऱ्यावर चढवता येत नाही नं."

वरच्या कोर्टात जाता येईल, असं अर्पिता पुटपुटली. त्यानं घडी केलेला कागद खिशात ठेवला. आत सुग्राबीनं कोणाला तरी चहा टाकायला सांगितलं.

पट्ट्याची आरी भिंतीशी उभी होती, धूळ बसलेली, पातं मात्र तेल लावून ठेवलेलं. वनरक्षकानं कापडाची पट्टी चाकाभोवती फिरवली आणि दोरी गुंडाळायला घेतली. नवा पोरगा होता, त्यानं हे काम आधी केलेलं नव्हतं. दोरी चाकावरून सारखी घसरत होती. अर्पिता सील करायची, पेटवलेली लाखेची कांडी हातात धरून उभी होती, आणि वितळलेली लाख थेंबाथेंबानं फरशीवर पडत होती.

"अशी नाही राहत ते," इकबाल म्हणाला.

तो पुढे आला. चाकाच्या आऱ्यांतून दोरी ओवून त्यानं ती ओढून घेतली, गाठ मारली, आणि गाठीवर अंगठा दाबून धरला.

"टाका आता लाख," तो म्हणाला. "बोट काढतो मी."